भाऊबीजेची कट्यार

तर झालं असं, की गेल्या भाऊबीजेला मी माझ्या मावसबहिणीला ओवाळणीत हत्यार दिलं.

आता हे वाक्य लिहून झाल्यावर माझं मलाच कळतंय की ते किती विचित्र दिसतंय. पण तेव्हा अजिबात विचित्र वाटलं नव्हतं. मनूला (हे तिचं घरातलं नाव) खराडीत नवी नोकरी लागली होती, त्यात महिन्यातला एक आठवडा रात्रपाळी. राहायला धानोरीत. मावशीची झोप उडालेली, आणि मी घरातला थोरला भाऊ, त्यातून त्याच आयटीतला. म्हणजे ‘तू काहीतरी बघ रे’ हे आलंच. मग मी काय बघितलं? शनिवारी दुपारी जेवून आडवा पडलो, फोन काढला आणि खरेदीच्या एका साइटवर शोधलं. साडेचारशे रुपये, मोफत घरपोच. नाव पुश डॅगर. खाली वर्णन: स्वसंरक्षण, ट्रेकिंग, कॅम्पिंग, किचन, पार्सल उघडणे, सगळ्यासाठी एकच. मल्टिपर्पज हा शब्द दिसला की इंजिनिअरचं डोकं बंद पडतं आणि बोट आपोआप ‘बाय नाऊ’वर जातं.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: पुश डॅगर म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखी सुरी. टीची आडवी दांडी मुठीत धरायची, आणि उभी दांडी, म्हणजे पातं, दोन बोटांच्या मधून पुढे येतं. माझ्याकडच्याचं पातं जेमतेम दोन इंचांचं, दोन्हीकडून धार, टोकाला निमुळतं. सोबत पर्सला अडकवायची प्लास्टिकची म्यान.

मनूने डबी उघडली, वस्तू हातात घेतली, मुठीत धरली. मावशी म्हणाली, “ओवाळणीत कुणी सुरी देतं का रे?” मनू काहीच बोलली नाही. फराळ झाल्यावर हळूच म्हणाली, “दादा, रात्री अडीचला कॅबमध्ये हे धरून मी नक्की काय करायचं, ते मला एकदा करून दाखव.”

मला काही दाखवता आलं नाही. आणि मग विकांताला आम्ही दोघांनी त्या वस्तूची रीतसर टेस्टिंग करायचं ठरवलं. त्यातून माझं जे मत झालं ते सांगायला हा लेख. मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच चहाला जाऊ शकतील: या वस्तूची मूठ फार हुशार आहे. वस्तू मात्र अजिबात बहुउपयोगी नाही. आणि सुरक्षिततेसाठी ती कुणाला देणं म्हणजे आपली काळजी दुसऱ्याच्या पर्समध्ये टाकून मोकळं होणं आहे.

आधी मूठ

मेकॅनिकल करून आयटीत आलेल्या लाखो जीवांपैकी मी एक. त्यामुळे अशा वेळी जुनं शिक्षण उफाळून येतं.

साधी सुरी हातोडीसारखी मुठीत धरली, तर पातं आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात यांच्यात जवळजवळ काटकोन होतो. अशी सुरी एखाद्या टणक वस्तूत सरळ खुपसायला गेलात, तर उलट येणारा जोर मनगटाला पिळतो, आणि मूठ गुळगुळीत असेल तर हात घसरून स्वतःच्याच पात्यावर येऊ शकतो. टीच्या मुठीत हे दोन्ही होत नाही. मनगट सरळ राहतं, जोर बोटांच्या मधून थेट हाताच्या हाडांच्या रेषेत जातो, आणि आडवी दांडी तळहातात अडकलेली असल्यामुळे हात पुढे घसरायचा प्रश्नच येत नाही. कमी ताकदीत जास्त जोर.

एवढ्या एका कामासाठी ही रचना उत्तम आहे. ढकलणे, टोचणे, भोक पाडणे. पण ही सोय फुकटात मिळत नाही. पातं हाताच्या रेषेत एकदा बसलं की मनगटाने त्याचा कोन बदलायची मुभा जवळपास संपते. साध्या सुरीत आपण तर्जनी पात्याच्या पाठीवर ठेवतो, अंगठा सरकवतो, पातं तिरकं करतो. इथे सगळी बोटं मागे बंद मुठीत. शिवाय दोन्ही बाजूंना धार, म्हणजे बोट टेकवायला पाठच नाही.

मग टेस्ट केसेस

रविवारी मावशीचा ओटा ताब्यात घेतला. निकाल असे:

१. कांदा. नापास. चिरायला पातं पाटावर आडवं टेकायला हवं. पण ते मुठीच्या मधून निघतं, त्यामुळे धार पाटाला टेकायच्या आधी बोटांची पेरं टेकतात. मावशी विळीवर बसून हे सगळं बघत होती. तिची तोपर्यंत अर्धा किलो भेंडी चिरून झाली होती.

२. टोमॅटो. भोक पडलं, मग चिरडला. नापास.

३. पार्सल. टेप चटकन फाटली, पण टोक गरजेपेक्षा आत गेलं आणि आतल्या नव्या उशीच्या अभ्र्याला भोक पडलं. कटरचं पातं आपण दोन-तीन मिलिमीटर बाहेर काढू शकतो. इथे ती सोय नाही. काठावर नापास.

४. सुतळी. दोरी एका हाताने ताणून धरली आणि पातं स्वतःकडे ओढलं तर कापली जाते. पण धारदार टोक स्वतःच्या पोटाकडे ओढणं ही काही चांगली सवय नव्हे. पास, पण शेरा मारून.

५. जाड गोणपाट आणि जुनी ताडपत्री. इथे मात्र पठ्ठ्या चमकला. जराही जोर न लावता आरपार. पास.

६. ट्रेकिंग. हे मी मागच्या महिन्यातल्या एका ट्रेकला नेऊन पाहिलं. पिशवीतून बाहेर काढायची एकदाही वेळ आली नाही. काकडी दोस्ताच्या घडीच्या चाकूने कापली.

थोडक्यात, ‘सगळ्यासाठी एकच’मधलं फक्त ‘एकच’ खरं निघालं. ही वस्तू एकच काम करते, आणि ते काम घरात वर्षातून एकदा पडतं.

कट्यारीच्या घरात

आता तुम्ही म्हणाल, अरे पण ही तर आपली कट्यार! बरोबर. जगातल्या मुठीत धरायच्या सगळ्या खंजिरांत आपली कट्यार सगळ्यात प्रसिद्ध. दोन समांतर पट्ट्या, त्यांच्यामध्ये आडव्या दांड्या, हात आत घालून दांडी मुठीत धरायची. दक्षिणेत विजयनगरच्या काळात ती दिसते, आणि पुढे मोगल, राजपूत, मराठे, सगळ्यांच्या कमरेला. काही कट्यारींचं टोक मुद्दाम जाड केलेलं असायचं, चिलखताच्या कड्यांमधून घुसावं म्हणून. तंजावरच्या जुन्या कट्यारींना तर हाताच्या पाठीवर येणारं पानासारखं पोलादी कवचही असायचं. तंजावर म्हणजे शिवाजी महाराजांचे बंधू व्यंकोजीराजे यांचं राज्य. ते संस्थान १८५५ साली इंग्रजांनी खालसा केलं, आणि तिथल्या शस्त्रागारातल्या काही कट्यारी आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत.

पण कट्यारीकडे इंजिनिअरच्या नजरेने बघा. कवच का लागलं? कारण हत्यार आखूड, त्यामुळे हात शत्रूच्या अगदी जवळ न्यावा लागतो. बाजूच्या पट्ट्या का? कारण नुसत्या मुठीने वार अडवता येत नाही. आणि कट्यार एकटी कधीच नसायची. तिच्यासोबत तलवार होती, ढाल होती, अंगात चिलखत होतं. ती सगळ्यात शेवटची वस्तू होती. मराठ्यांचा दांडपट्टा घ्या. त्याचीही मूठ आडवीच, पण पुढे लांब लवचीक पातं आणि कोपरापर्यंत हातमोजासारखं आवरण. कट्यारीच्या मुठीतूनच पट्टा आला असं मानलं जातं. म्हणजे मूठ आवडली, पण आखूडपणा परवडला नाही. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने राज्यशस्त्राचा मान दिला तोही दांडपट्ट्याला.

प्रतापगडाची गोष्ट तर आपल्याला पाठ असते. वाघनखं आणि बिचवा आठवतो. पण सभासद बखरीत पहिला वार कुणाचा आहे? अफझलखानाचा, आणि तो जमदाडेचा. जमदाड म्हणजे कट्यारीच्याच कुळातलं हत्यार. तो वार महाराजांच्या कुशीत बसला, पण अंगातल्या चिलखती कुडत्यावर नुसता खरखरला. १६५९ सालच्या त्या दिवशी धिप्पाड माणूस, अगदी मिठीचं अंतर, अचानक वार, हे सगळं खानाच्या बाजूने होतं. तरी महाराज वाचले, कारण काय होऊ शकतं याचा विचार त्यांनी आदल्या दिवसापर्यंत करून ठेवला होता. आत चिलखत, डोक्याला जिरेटोपाखाली संरक्षण, सोबत कोण असावं ते ठरलेलं, जंगलात माणसं पेरलेली. मला तरी ही गोष्ट हत्यारापेक्षा तयारीची वाटते.

पुढे कट्यार हळूहळू दागिना झाली. सोन्याचं काम, माणकं. बाजूला छोटी पिस्तुलं बसवलेल्या आणि कात्रीसारख्या उघडणाऱ्या कट्यारीसुद्धा केल्या गेल्या. (फीचर्स वाढवायची हौस आपल्या धंद्याने शोधून काढलेली नाही, हे बघून बरं वाटलं. :) ) बुंदी संस्थानाने तर ती आपल्या रुपयावर छापली, त्याला ‘कटारशाही’ म्हणत. आणि आपल्याकडे १९६७ साली ती रंगभूमीवर आली, दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये. त्या नाटकात राजगायकाला मानाची कट्यार मिळते आणि तिच्यासोबत एक खून माफ असतो. हे कलम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

साहेबाच्या देशात

पश्चिमेकडची पुश डॅगर वेगळ्या वाटेने आली. एकोणिसाव्या शतकातलं न्यू ऑर्लिन्स आणि सोन्यासाठी धावाधाव चाललेलं कॅलिफोर्निया. जुगारी, नदीतल्या बोटी, दारूचे अड्डे. बाहीत किंवा पट्ट्यात लपेल एवढं हत्यार हवं होतं, ते मिळालं. मग पहिलं महायुद्ध. खंदकांच्या अरुंद चरांत संगीन लावलेली बंदूक फिरवताच येत नसे, तिथे मुठीत मावणारी सुरी कामाची ठरली. इंग्लंडमधल्या डडली गावच्या रॉबिन्स कंपनीने अशा सुऱ्या तयार केल्या.

म्हणजे जिथे जिथे ही वस्तू यशस्वी झाली तिथली परिस्थिती बघा: अंतर हातभर, समोरचा माणूस मारायचाच आहे हे आधी ठरलेलं, आणि वस्तू आधीच हातात. कांदा, टोमॅटो, कॅम्पिंग कुठेही नाही.

ब्रिटनने १९८८ साली ज्या हत्यारांच्या विक्रीवर बंदी घातली त्या यादीत पुश डॅगर नाव घेऊन आहे. जर्मनीत २००३ पासून बंदी आहे, आणि मला सगळ्यात आवडलं ते जर्मन कायद्यातलं अपवादाचं कलम. शिकारीचा परवाना असलेले आणि चामडं किंवा फर यांचं काम करणारे कारागीर यांना, कामापुरती गरज असेल तर, ही सुरी वापरता येते. कारण जनावराचं कातडं सोडवताना मुठीत धरलेलं आखूड पातं खरोखर सोयीचं पडतं. म्हणजे ‘बहुउपयोगी’ या शब्दाची इतकी कसून चौकशी दुसऱ्या कुणी केली असेल असं वाटत नाही. सगळे उपयोग तपासले आणि शेवटी उरला एक: कातडं.

हे वाचलं आणि ती वस्तू घेऊन मी आमच्या चौकातल्या चप्पलवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी हातात घेतली, एका टाकाऊ तुकड्यावर दोन-तीनदा चालवली, परत दिली. म्हणाले, “मूठ बरी हाय. पण धार दोन्हीकडं कशाला? अंगठा कुठं ठिवायचा?” आणि आपली रापी उचलून कामाला लागले. माझ्या सहा टेस्ट केसेसचा अहवाल त्यांनी एका वाक्यात दिला.

खरं तर ही आडवी मूठ आपल्या रोजच्या वापरात भरपूर आहे, फक्त तिच्या टोकाला खंजीर नसतो. सुताराचं गिरमिट घ्या, आडवी दांडी आणि मधोमध टोक. बाटलीचं बूच काढायचा स्क्रू, तोही मुठीत धरून दोन बोटांच्या मधून. थंड प्रदेशातल्या इनुइट बायकांची उलू नावाची सुरी असते. अर्धचंद्रासारखं पातं आणि बरोबर त्याच्या डोक्यावर मूठ. कातडं सोडवणं, मासे कापणं, मांसाचे तुकडे करणं, सगळं त्या एकाच सुरीने. बहुउपयोगी म्हणायचं तर तिला म्हणा. पण तिची धार मुठीच्या खाली पसरलेली आहे, टोकाला गोळा झालेली नाही. मूठ तीच, पण पात्याने हेतू बदलला.

आता खरा प्रश्न

हे सगळं झालं तरी मनूचा प्रश्न शिल्लक होताच. रात्री अडीचला काय?

त्यासाठी आम्ही लाल स्केचपेन घेतला. तो मुठीत सुरीसारखा धरायचा. मी अंगात जुना पांढरा शर्ट घातला. ठरलं असं की मनू पर्स खांद्याला लावून हॉलमधून चालणार, मी कधीही कुठूनही येऊन तिचा हात धरणार. दहा वेळा. (हा काही शास्त्रीय अभ्यास नव्हे. हॉल मावशीचा, हल्लेखोर मी. पण डेमो देण्याआधी निदान एकदा चालवून बघावं, एवढीच अपेक्षा.)

पहिल्या सात वेळा स्केचपेन पर्समध्येच राहिला. चेन, मग आतला कप्पा, मग म्यान. तोपर्यंत तिचा हात माझ्या हातात. शेवटच्या तीन वेळा तो आधीपासून मुठीत धरायची परवानगी दिली. तेव्हा माझ्या शर्टावर रेघा उठल्या हे खरं. पण त्यातल्या दोन वेळा मी तिचं मनगट पकडू शकलो. पुश डॅगर लागण्यासाठी मूठ माझ्या अंगाला टेकायला हवी, म्हणजे ती माझ्या हाताच्या टप्प्यात येणारच. आणि खेळ संपल्यावर बघितलं तर तिच्या स्वतःच्या डाव्या हातावरही दोन लाल रेघा होत्या. त्या कधी उठल्या ते तिलाही कळलं नव्हतं.

माझी उंची पाच फूट सात इंच, वजन सांगत नाही, आणि मी तिला इजा करायची नाही म्हणून जपून खेळत होतो.

मग वेगळी टेस्ट केली. हात धरल्याबरोबर मोठ्याने ओरडायचं, हिसडा द्यायचा आणि दाराकडे पळायचं. ते दहापैकी सहा वेळा जमलं. शेजारच्या काकू मात्र दुसऱ्या ओरडण्यालाच धावत आल्या. तो या दिवसाचा सगळ्यात उपयोगी निष्कर्ष.

आणि तो एक खून माफ?

कायद्याचं थोडं. आपल्याकडच्या शस्त्रांच्या नियमांत ज्या पात्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे ती नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची. घरगुती, शेतीची, कारखान्याची अवजारं त्यातून वगळलेली. माझी दोन इंची वस्तू त्यात बसत नाही, म्हणून ती सर्रास विकली जाते. पण गोष्ट तिथे संपत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त आणि जिल्हाधिकारी वेळोवेळी मनाई आदेश काढतात, आणि त्या काळात चाकूसुरे बाळगून फिरण्यावरही बंदी असते. असे आदेश सणासुदीला, निवडणुकीला निघतात आणि आपल्याला पत्ताही नसतो. विमानात हातातल्या सामानात तर ती चालणारच नाही.

भारतीय न्याय संहितेत (ती १ जुलै २०२४ पासून लागू झाली) स्वतःच्या बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये नीट दिलेला आहे, आणि तो भक्कम हक्क आहे. पण बचावासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही, ही अट त्यातच आहे. आणि टोचण्यापलीकडे काहीच न येणाऱ्या हत्यारात ‘थोडंसं’ असं काही नसतं. ढकलता येत नाही, घाबरवून थांबवता येत नाही, कारण ते मुठीत लपलेलं, समोरच्याला दिसतच नाही. ज्या वस्तूचं पहिलंच पाऊल शेवटचं असतं, ती घाबरलेल्या माणसाच्या हातात द्यायची का? नाटकातल्या राजाने एक खून माफ केला होता. आपल्या मनूला तसं कुणी लिहून दिलेलं नाही.

“तुला सांगायला काय जातं?”

हा आक्षेप मनूच्या मैत्रिणीने घेतला, आणि तो योग्य आहे. ती म्हणाली, पर्समध्ये काहीतरी आहे या भावनेनेच बळ येतं, ते तू कशाला काढून घेतोस?

बळ येतं हे मी नाकारत नाही. पण ते बळ माणसाला कुठे नेतं हे बघायला हवं. खोट्या भरवशावर जर कुणी अंधाऱ्या गल्लीचा शॉर्टकट घेणार असेल, तर ती भावना नसलेलीच बरी. अँटिव्हायरस चालू आहे अशी हिरवी खूण दिसते म्हणून वाटेल ती फाइल उघडणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत.

आणि दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. ‘तिने काहीतरी जवळ बाळगावं’ असं म्हटलं की बाकीच्यांची सुटका होते. २००७ साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या बीपीओतल्या एका तरुणीवर कंपनीच्या कॅबच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून तिचा खून केला. जिच्यावर विश्वास ठेवायचा ती व्यवस्थाच तिच्यावर उलटली. असल्या गोष्टीवर साडेचारशे रुपयांचं उत्तर शोधणं म्हणजे आपल्याच धंद्यातली वाईट सवय आहे. सर्व्हरमध्ये भोक आहे आणि आपण युजरला सांगतो, बाबा रे, पासवर्ड जरा अवघड ठेव.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात स्पष्ट आहे. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था हवी, आणि कामाच्या जागेपासून घराच्या दारापर्यंत वाहन मालकाने द्यायला हवं. दारापर्यंत. हे वाचून मी मनूला फोन केला आणि पहिल्यांदाच तो प्रश्न विचारला जो खरं तर भाऊबीजेच्या आधी विचारायला हवा होता: “कॅब तुला सोडते कुठे?”

मेन रोडला. गल्ली अरुंद आहे, गाडी वळवायला त्रास होतो म्हणून चालक चौकातच सोडत होता. तिथून घर आठ मिनिटं चालत. मधले दोन दिवे बंद.

दोन महिने ती रोज ती आठ मिनिटं चालत होती, आणि मी पात्याचं स्टील कोणतं आहे ते वाचत होतो.

मनूने आणि तिच्या टीममधल्या दोघींनी मिळून वाहतूक बघणाऱ्या विभागाला मेल टाकला, कायद्याच्या कलमासकट. पहिल्या मेलला उत्तर आलं नाही, दुसऱ्याला आलं. आता कॅब दारापर्यंत येते, आणि ती दार उघडून आत जाईपर्यंत थांबते. बंद दिव्यांची तक्रार मी केली. एक लागला, एक अजून लागायचाय. फोनवर पॉवरचं बटण पटापट दाबलं की आपत्कालीन कॉल लागतो, ते किती वेळा दाबायचं हे तिच्या फोनच्या सेटिंगमध्ये आम्ही दोघांनी मिळून शोधलं. (तुमच्याही फोनवर बघून ठेवा, आणि ११२ हा क्रमांक पाठ असू द्या.) लाइव्ह लोकेशन मावशीला जातं. शेजारच्या काकूंना रात्रपाळीचा आठवडा कळवलेला असतो. त्या तशाही जाग्याच असतात.

यातलं काहीच ओवाळणीच्या ताटात ठेवून देता येण्यासारखं नाही. फोटोही चांगला येत नाही. आणि याने सगळं सुरक्षित झालं असंही मी म्हणणार नाही. पण ती आठ मिनिटं गेली, आणि ती कुठल्याही पात्याने गेली नसती.

पुश डॅगर माझ्याकडे परत आली आहे. एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर तिचं टोक गोल करून घेतलं आणि एका बाजूची धार मारून टाकली. आता अंगठा ठेवायला जागा आहे. गोणपाट कापायला आणि जुना रंग खरवडायला बरी पडते. आडवी मूठ हातात खरंच छान बसते, ते मात्र मान्य करावंच लागेल.

यंदा काय हवं असं मनूला आधीच विचारलंय. धावायचे बूट म्हणाली. साइझ सहा.

असो. उद्या सोमवार.